पटवेकऱ्याची मान

मंगळसूत्र तुटलं असं आपल्यात म्हणत नाहीत. वाढलं म्हणतात. बांगडी फुटत नाही, तीही वाढते. ज्या बाईचं खरोखरच सगळं संपलेलं असतं तिच्यासमोरसुद्धा लोक असंच बोलतात. मी ज्याच्याबद्दल लिहिते आहे तो माणूस जन्मभर मंगळसूत्रं ओवत होता, आणि त्याच्या तोंडून दिवसातून पन्नास वेळा एकच शब्द बाहेर पडायचा. तुटलं.

तो पटवेकरी होता. सोनाराकडून वाट्या आणि मणी आले की काळ्या मण्यांबरोबर ते ओवायचे, गाठी मारायच्या, मागे रेशमाचा गोंडा लावायचा, हे त्याचं काम. दुकान म्हणजे नाशिकच्या सराफ बाजारातल्या एका बोळाच्या तोंडाशी, एक माणूस मांडी घालून बसेल एवढी जागा. पुढे दगडी ओटा. त्या ओट्यावर मी फुलं घेऊन बसायचे. नवरा गेल्यावर मखमलाबादहून रोज सकाळी टोपली घेऊन यायला लागले, नव्वद सालानंतरची गोष्ट. ओटा त्याचा, म्हणून विचारायला गेले तर त्यानं मान झटकली. मला वाटलं, नाही म्हणतोय. टोपली उचलून निघाले तर मागून ओरडला, "अहो बाई, बसा की! ही मान माझं ऐकत नाही, तुम्ही कशाला तिचं ऐकता?"

माझ्याहून आठदहा वर्षांनी लहान होता, म्हणून इथं तो म्हणते. तोंडावर मी त्याला "अहो पटवेकरी" म्हणायचे.

डावा कान खांद्याला लागेल अशी मान वळायची आणि मग मागे हिसका. हिसक्याबरोबर घशातून हुं. कधी एकच, कधी सातआठ लागोपाठ. लहानपणी नुसते डोळे मिचकायचे म्हणे. मग खांदा आला, मग मान. शाळेत असताना शब्द दुसरा होता. गुरुजींचं आडनाव भर वर्गात मोठ्यानं बाहेर पडायचं. गुरुजींनी मारलं, घरी बापानं मारलं, शाळा सुटली आणि तो बापाच्या हाताखाली ओवायला बसला. जिथं जे बोलायचं नाही तेच त्याच्या जिभेवर येऊन बसायचं. म्हणून देवळात जात नसे. "तिथं काय बाहेर पडेल सांगता येत नाही," म्हणायचा.

मी एकदा सरळ विचारलं, "मुद्दाम करता का?"

"शिंक मुद्दाम देता का तुम्ही?" तो म्हणाला. "आधी नाकात हुळहुळतं ना? माझ्या मानेत हुळहुळतं. दाबून धरता येतं, पण दाबलेलं सगळं व्याजासकट बाहेर येतं."

बाजारात त्याला नंदीबैल म्हणत. त्याच्या कानावर येईल असंच म्हणत. "नंदीबैल सगळ्याला हो म्हणतो," तो म्हणायचा, "मी सगळ्याला नाही म्हणतो. माझी जात वेगळी." गिऱ्हाईक बायका औषधं सांगायच्या. एकीनं पदर पसरून पायच पकडले, म्हणाली अंगात येतं तुमच्या, वणीला जाऊन या, देवीचं काहीतरी राहिलंय. तो म्हणाला, "मावशी, देवी मंगळवारी आणि शुक्रवारी येते. माझं बारमाही आहे." आणि वर लगेच "तुटलं!" ती बाई पाय सोडून मागे सरकली.

त्याच्या डाव्या बाजूला कोणी बसायचं नाही. बसमध्ये तो सगळ्यात मागच्या बाकावर बसे, म्हणजे हिसक्यानं मागच्याच्या नाकावर डोकं आपटायला नको. न्हावी एकच होता जो त्याची दाढी करायचा, तीही दोन हिसक्यांच्या मधे, एक एक ओढ घेत. त्यामुळे गालावर कायम कुठंतरी खुंट राहिलेले. टोपी कधी घातली नाही. घातली तर दुसऱ्या मिनिटाला ती बोळात.

पण गाठ मारताना मान थांबायची. हे बघण्यासारखं होतं. दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवून दुसरं दातात धरायचा, मणी सरकवायचा, आणि बोटं गाठीवर आली की सगळा माणूस गप्प. डोळेसुद्धा मिचकत नसत. गाठ बसली की मग धाडधाड चारपाच हिसके. ओवून झालं की माळ तीनदा ओढून बघायची. तीन म्हणजे तीन. मधे कोणी बोललं तर पुन्हा पहिल्यापासून. मनासारखं नाही वाटलं तर उसवून पुन्हा ओवायचा, गिऱ्हाईक उभं का असेना. एवढं मात्र खरं, त्यानं ओवलेलं मंगळसूत्र कधी वाढलं नाही. नाशकातले जुने सोनार दुसऱ्या कोणाकडे काम देत नसत ते त्यामुळेच.

त्या शब्दानं मात्र गिऱ्हाईक जायचं. देवळाली कॅम्पातून एक बाई मुलीचं मंगळसूत्र ओवायला घेऊन आली, दोन दिवसांवर लग्न. मुलगीही बरोबर. तासभर तो बसला, तोंड मिटून, कानशिलं लाल. मी ओट्यावरून बघत होते. सगळं व्यवस्थित झालं. तीनदा ओढून झालं. तबकात ठेवून त्यानं ते पुढे केलं आणि तोंडातून निघालं, "तुटलं! तुटलं!"

मुलीनं तोंडावर हात घेतला. आई पेटली. "अहो, शुभ काय अशुभ काय कळतं का तुम्हाला? लग्नाच्या पोरीच्या तोंडावर?"

तो जितकं आवरायला बघे तितकं येई. मी उठले, हातात गजऱ्याचा दोरा होता तो कचकन तोडला आणि तिच्यापुढे धरला. "ओ बाई, माझा दोरा तुटला म्हणून सांगतायत ते. सकाळपासून तिसऱ्यांदा तुटला मेला. तुमच्या सोन्याला कोण काय बोलतंय?"

बाईनं दोऱ्याकडे बघितलं, माझ्या मोकळ्या कपाळाकडे बघितलं, आणि म्हणाली, "आजी, चांगला दोरा घ्या की मग."

तेव्हापासून हे ठरूनच गेलं. आतून "तुटलं" आलं की मी ओट्यावरून म्हणायचे, "हो हो, तुटला माझा दोरा." गिऱ्हाईक माझ्याकडे बघायचं. माझा दोरा कच्चा असतो अशी सगळ्या बाजारात माझी बदनामी झाली. गजरे घेताना बायका ओढून बघायच्या. तो आतून हसायचा. एकदा म्हणाला, "बाई, तुम्हाला त्या शब्दाचं काही वाटत नाही का हो?"

"माझं तुटूनच मी इथं बसले," मी म्हटलं. "आणखी काय तुटायचंय?"

यावर तो हसला नाही. दुपारचा चहा मागवला, आणि त्या दिवसापासून रोज दोन चहा मागवायला लागला.

आता पट्ट्याचं सांगते. तेवढ्यासाठीच लिहायला बसले.

माणूस पन्नाशीकडे आला तसे हिसके वाढले. लोक म्हणतात वयानं शांत होतं. त्याचं झालं नाही. गाठीवर मान थांबायची तो वेळ कमी कमी होत गेला. सुई बोटात जायला लागली. एकदा नखाखाली गेली. एकदा मणी भरलेलं तबक उडालं आणि आम्ही दोघं अर्धा दिवस बोळात वाकून काळे मणी वेचत बसलो. तो म्हणाला, "बाई, संपलं माझं. हे हात आहेत तोवर मी माणूस आहे. नाहीतर मी नुसता नंदीबैल."

मी म्हटलं, "काही संपत नाही. थांबा."

दुसऱ्या दिवशी माझ्या जुन्या सुती लुगड्याची पट्टी फाडून आणली. मऊ होती. चार घड्या घातल्या, त्याच्या कपाळावरून घेतली आणि मागे खिडकीच्या गजाला बांधली. वासरू खुंट्याला बांधावं तसं. मान वळायला लागली की पट्टा धरायचा. त्यानं त्या दिवशी तीन मंगळसूत्रं ओवली. सुई एकदाही लागली नाही. संध्याकाळी मी पट्टा सोडला तर कपाळावर लाल रेघ होती. तो म्हणाला, "बाई, हे आधी का नाही सुचलं?" मला फार बरं वाटलं होतं. खोटं कशाला सांगू, मी फुशारकीनं दोनचार जणींना सांगितलंही.

चार वर्षं तो पट्टा चालला. सकाळी मी बांधायचे, जेवायला सोडायचे, पुन्हा बांधायचे. पट्ट्यामुळे हिसका थांबत नव्हता, नुसता दिसत नव्हता. आतून मान जोर करायची आणि पट्टा ताणला जायचा, गज करकरायचा. तिसऱ्या वर्षी तो गज चौकटीत सैल झाला. सुताराला बोलावून पाचर मारून घेतली. लोखंडाचा गज हलला, तर हाडामांसाच्या मानेचं काय झालं असेल, एवढं माझ्या डोक्यात आलं नाही. त्याच्याही नाही. आम्ही गज पक्का केला.

मग एका सकाळी तो एकाच पायात चप्पल घालून आला.

"दुसरी कुठाय?" मी विचारलं.

त्यानं खाली बघितलं. "आयला," म्हणाला. "कधी निघाली?"

मी त्याच्या वाटेनं मागे गेले. तो भद्रकालीजवळ राहायचा. दोन वळणं मागे, रस्त्याच्या मधोमध चप्पल सरळ पडली होती, कोणी काढून ठेवावी तशी. परत आले तर त्याच्या तळव्यातून रक्त येत होतं, काच रुतली होती, आणि तो पाय मांडीवर घेऊन त्याकडे दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा बघत होता. मी काच ओढून काढली. त्यानं हूं की चूं केलं नाही. मला तेव्हा भीती वाटली.

मग त्यानं हळूहळू सांगितलं. दोरा अडकवायचा तो अंगठा सहा महिन्यांपासून बधिर होता. दोरा सुटला तरी कळायचं नाही. मान खाली घातली की पाठीतून पायापर्यंत वीज गेल्यासारखं व्हायचं, आणि ओवायचं काम सगळं मान खाली घालूनच. शर्टाची बटणं लागत नव्हती, म्हणून डोक्यावरून घालायचे सदरे शिवून घेतले होते. मी आपली समजत होते नवी फॅशन करतोय.

"बोलला का नाहीत?"

"तुम्ही पट्टा सोडला असता."

येवल्याहून त्याची बहीण आली. लग्न होऊन तिकडे दिलेली, धाकटी, त्याला दादा म्हणायची. त्याला कोणी मुलगी दिली नव्हती, त्यामुळे जवळचं माणूस ती एकच. आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. मोठ्या मशीनमध्ये निजवून मानेचा फोटो काढायचा होता, आणि न हलता पडायचं. तो हसायलाच लागला. शेवटी भूल दिली तेव्हा कुठं फोटो निघाला.

डॉक्टर तरुण होते, चांगले होते. आधी त्यांनी त्या हिसक्यांच्या रोगाचं नाव सांगितलं. कुठल्या परदेशी माणसाचं नाव. माझी शाळा चौथीपर्यंतची, माझ्या लक्षात राहिलं नाही. म्हणाले, हा मेंदूतला दोष आहे, लहानपणी सुरू होतो, कोणी मुद्दाम करत नाही.

पटवेकरी म्हणाला, "हे माझ्या बापाला सांगायला पाहिजे होतं. पण तो गेला."

मग त्यांनी फोटो उजेडावर लावला. इतकी वर्षं झटके बसून मानेचे मणके झिजलेत, मधल्या चकत्या मागे सरकल्यात, आणि आतून जो मज्जारज्जू जातो तो दाबला जातोय. हातापायाला जे जायचं ते त्यातूनच जातं.

तो उठून फोटोजवळ गेला. मान झटकत झटकत बराच वेळ बघत राहिला. "म्हणजे मणी झिजले," तो म्हणाला. "कडेला धार आली. आणि आत दोरा कापला जातोय."

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाले.

"धारेचा मणी दोरा खातो, हे आमच्याकडे शिकाऊलाही माहीत असतं. मग मणी काढा आणि दोरा बदला."

"मणी सारखे करता येतील. दोरा बदलता येत नाही. आहे तेवढा वाचवायचा."

"गाठ मारून?"

"गाठही मारता येत नाही."

तो खुर्चीत येऊन बसला. बहीण रडायला लागली. डॉक्टर त्याच्याकडे बघत होते, आणि बघता बघता पुढे वाकले. "हा कपाळावर घट्टा कसला?"

चार वर्षांची ती रेघ आता काळी पडून जाड झाली होती, कानापासून कानापर्यंत. मी तोंड उघडणार होते. मी कोणाच्या बापाला घाबरून गप्प बसणारी बाई नाही. सासूला तोंडावर बोलले, भावकीला बोलले, बाजारात कोणाचं ऐकून घेतलं नाही. तिथं मला शब्द फुटला नाही.

"टोपीचा," पटवेकरी म्हणाला. "घट्ट होती जरा."

डॉक्टरांनी मान डोलवली आणि कागद लिहायला घेतला. बहिणीनं माझ्याकडे बघितलं. जन्मात तिनं भावाच्या डोक्यावर टोपी बघितली नव्हती.

ऑपरेशन लगेच करा म्हणाले होते. त्यानं तुळशीच्या लग्नानंतरची सराई संपेपर्यंत थांबायला लावलं. सोनारांचं काम अंगावर होतं म्हणे. काम कसलं, हातात मणी ठरत नव्हता. मी पट्टा बांधायला साफ नकार दिला. तो एकटा सुटी मान घेऊन बसायचा आणि दिवसभरात एक सर कशीबशी ओवायचा. शेवटच्या दिवशी त्यानं गाठ मारायला घेतली आणि मान थांबली, अगदी पूर्वीसारखी थांबली. पण बोटं गाठीवर आलीच नाहीत. ती हवेतच चाचपडत राहिली. त्यानं दोरा खाली ठेवला, अंगठ्यातून सोडवला, गुंडाळला. "बाई," म्हणाला, "फळी लावा दुकानाला. मला लागणार नाही."

मी फळ्या लावल्या.

ऑपरेशन झालं. आठ दिवस झोपेच्या औषधावर ठेवलं, कारण मान हलली तर केलेलं सगळं वाया. मग गळ्याभोवती कडक पट्टा. त्या पट्ट्यातसुद्धा हिसके यायचेच. हनुवटी घासून घासून जखम झाली, तिच्यात पू झाला. पाय थोडे परत आले. चालायची चौकट धरून संडासापर्यंत जाऊ लागला. बोटं आली नाहीत. चमचा धरता येत नव्हता, मणी तर लांबच.

बहिणीला येवल्याला संसार होता, हातमाग होता. ती पंधरा दिवसांनी यायची. रोज दुपारी फुलं संपली की मी जायचे. चहा पाजायचे. हिसका आला की थांबायचं, तो गेला की वाटी ओठाला लावायची, पुढचा यायच्या आत काढायची. मला त्याची वेळ कळायला लागली होती.

एका दुपारी मी वाटी खाली ठेवली आणि म्हटलं, "माझ्या पट्ट्यानं झालं का हे?"

"कोण म्हणतं?"

"मीच म्हणते. डॉक्टरांना तुम्ही विचारलं का नाही?"

"विचारून काय करायचं?" तो म्हणाला. "नाही म्हणाले असते तर तुमचा विश्वास बसला नसता. हो म्हणाले असते तर तुम्ही यायच्या बंद झाला असता. मग मला चहा कोण पाजणार? तो न्हावी?"

मी म्हटलं, "मी आले असते."

"आला असता," तो म्हणाला. "पण तोंड असं करून आला असता." आणि त्यानं माझं तोंड करून दाखवलं. मला हसू आलं नाही. पण चहा गार होत होता म्हणून वाटी उचलली.

दोन वर्षं असं चाललं. मग एका पावसाळ्यात त्याला खोकला झाला. छातीत कफ साठला आणि तो बाहेर काढायची ताकद अंगात नव्हती. चार दिवसांत गेला. मी गेले तेव्हा बहीण येवल्याहून पोचली नव्हती. शेजाऱ्यांनी विचारलं, तुम्ही कोण त्यांच्या. मी म्हटलं, ओट्यावर बसते.

बाराव्यानंतर मी ठरवलं की विचारायचंच. त्याला उत्तर नको होतं, पण मला तरी कळू दे. दवाखान्यात गेले, केसपेपर काढला, नंबर लावला. सकाळी नऊपासून बाकावर बसले होते. काय बोलायचं ते मनात पाठ केलं. डॉक्टरसाहेब, तो घट्टा टोपीचा नव्हता. मी बांधत होते. चार वर्षं, रोज. त्यानं झालं का, की नुसत्या रोगानंच झालं असतं? एवढंच. चार वाक्यं.

बारा वाजता नाव पुकारलं. तेच डॉक्टर होते. केस थोडे विरळ झाले होते. त्यांनी मला ओळखलं नाही.

"बसा आजी," ते म्हणाले. "बोला, काय होतंय?"

मी बसले.

"गुडघे दुखतात," मी म्हटलं.

त्यांनी दोन्ही गुडघे दाबून बघितले, वाकवून बघितले आणि गोळ्या लिहून दिल्या. अजून त्याच घेते.